इंजिन उतरवलेच आहे, तर…



आज मी बोलणार आहे ते इंजिनाच्या दुरुस्तीविषयी नाही. पिस्टन, रिंगा, बेअरिंग यांचे काय करायचे ते आपला मिस्त्री जाणतो, ते त्याच्यावर सोडू. इंजिन गाडीतून काढून बाहेर ठेवले म्हणजे बॉनेटखाली जी रिकामी जागा तयार होते, तिच्याविषयी मला बोलायचे आहे. ही जागा गाडीच्या आयुष्यात एकदा, फार तर दोनदा मोकळी होते. त्या वेळी कोणती कामे उरकून घ्यावीत आणि कोणत्या कामांना हात लावू नये, हा आजचा विषय.

आमचे एरंडोल महामार्गावरचे गाव. या रस्त्याला पूर्वी ६ नंबर म्हणत, आता त्याला ५३ नंबर मिळाला आहे. जुने ड्रायव्हर मात्र अजून ६ नंबरच म्हणतात. एका अंगाला जळगाव, दुसऱ्या अंगाला पारोळा आणि पुढे धुळे. रस्ता म्हटला की गॅरेज आलेच. जीप, मार्शल, कमांडर, मारुती, इंडिका, छोटे टेम्पो अशा सगळ्या गाड्यांची इंजिने मी या भागात उतरताना आणि चढताना पाहिली आहेत. इंजिन चेनकुप्पीला लटकले, हळूहळू घोडीवर टेकले, की मिस्त्री हात पुसत मालकाकडे वळतो आणि ते ठरलेले वाक्य बोलतो : ‘‘भाऊ, आते इंजिन उतारेलच शे, ते हाई बी करी टाका.’’

या वाक्याला मालक घाबरतो. त्याला वाटते, बिल फुगवायला सुरुवात झाली. काही वेळा ते खरेही असते. पण काही वेळा हेच वाक्य ऐकले नाही म्हणून तीच गाडी महिन्याभरात पुन्हा त्याच घोडीजवळ येऊन उभी राहते.

आमच्याकडची एक काळी-पिवळी जीप मला आठवते. कपाशी वेचणीचे दिवस होते, मजुरांच्या फेऱ्या जोरात होत्या आणि नेमके तेव्हाच इंजिन धूर ओकू लागले. गाडीवर हप्ता होता. मालकाने कसेबसे पैसे उभे करून एका गॅरेजात इंजिन बांधून घेतले. क्लचप्लेट मात्र जुनीच बसवली, कारण ती ‘अजून सहा महिने जाईल’ असे ठरले. क्रँकच्या मागच्या टोकाचे ऑइल सीलही तसेच राहिले. ते तेव्हा गळत नव्हते. नव्या रिंगा बसल्या, इंजिनात जोर आला, आणि तीन आठवड्यांत त्या जुन्या सीलने तेल सोडायला सुरुवात केली. तेल गेले थेट क्लचप्लेटवर. चढावर इंजिन ओरडते आणि गाडी जागची हलत नाही, अशी गत झाली. पुन्हा उतरवणे, पुन्हा मजुरी, आणि भर हंगामात चार दिवस गाडी उभी. सील होते काहीशे रुपयांचे.

हिशेब साधा आहे. समजा, इंजिन उतरवून पुन्हा चढवायची मजुरी सात हजार रुपये आहे आणि सीलची किंमत चारशे. आज ते सील बदलले तर खर्च चारशे. सहा महिन्यांनी बदलायचे तर सात हजार चारशे, शिवाय बुडालेल्या फेऱ्या वेगळ्याच. म्हणून प्रत्येक सुट्या भागासमोर उभे राहून एकच प्रश्न विचारायचा : इंजिन पुन्हा जागेवर बसल्यावर इथे माझा हात पोहोचेल का? पोहोचणार नसेल, तर तो भाग अर्धा झिजलेला असला तरी आत्ताच बदला. पोहोचणार असेल, तर तो बिघडेपर्यंत खुशाल थांबा. दुकानदार काय म्हणतो, शेजाऱ्याने काय बदलले, याला या प्रश्नापुढे महत्त्व नाही.

हात न पोहोचणारी सर्वांत मोठी जागा म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली. तिथे थोडे थांबू या.

क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग ही तीन भावंडे एकाच वेळी बदलावीत. प्लेट नवी आणि बेअरिंग जुने, असा संसार टिकत नाही. बेअरिंग हातात धरून फिरवले आणि खरखर लागली तर बोलायलाच नको; पण ते गुळगुळीत फिरले तरी आतले ग्रीस किती उरले आहे ते बाहेरून दिसत नाही. क्लचच्या फोर्कचे टेकण झिजले आहे का, तेही याच वेळी पाहावे. नव्या गाड्यांपैकी काहींत हे बेअरिंग दाबणारा हायड्रॉलिक सिलिंडर घंटेच्या आकाराच्या त्या कव्हरच्या आतच असतो. तो गळू लागला की पुन्हा सगळे खाली, म्हणून त्याच्याबाबत कंजुषी नको.

प्लेट काढली की फ्लायव्हीलचा चेहरा दिसतो. त्यावर निळे-काळे डाग असतील तर तो तापून भाजलेला आहे. नखाला चरे लागत असतील तर लेथवर हलकासा हात फिरवून घ्यावा. फ्लायव्हीलच्या कडेला दात्यांची रिंग असते, तिलाच सेल्फचा दाता जाऊन भिडतो. हिची एक गंमत आहे. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना दाबाच्या फेऱ्यामुळे जवळजवळ ठरावीक जागीच थांबते. त्यामुळे रिंगवर समोरासमोरच्या दोन जागीच दाते खाल्लेले दिसतात, बाकीची रिंग नव्यासारखी. जुने मिस्त्री अशी रिंग तापवून काढतात आणि पाव फेरा फिरवून पुन्हा बसवतात. उलटी करत नाहीत, कारण दात्यांना सेल्फच्या बाजूनेच उतार दिलेला असतो. आजकाल नवी रिंग सहज मिळते, त्यामुळे ही कला मागे पडली. पण फ्लायव्हील काढण्याआधी त्यावर आणि क्रँकवर खूण करायला मात्र विसरू नये; कित्येक इंजिनांत टायमिंगची खूण फ्लायव्हीलवरच असते.

क्रँकच्या मागच्या टोकात, अगदी मध्यभागी, एक छोटे बेअरिंग किंवा पितळी बुश असते. त्याला पायलट म्हणतात. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक त्यात टेकते. किंमत किरकोळ, पण ते सुकले की क्लच दाबल्यावर चुरचुर आवाज येतो आणि पहिला गिअर पडताना खडखडतो. ते बाहेर काढायला पकड मिळत नाही. मग त्याच्या भोकात ग्रीस ठासून भरायचे, बरोबर मापाचा शाफ्ट त्यात घालायचा आणि वरून हातोडा मारायचा. ग्रीसला जायला वाट नसते, ते बुशाच्या पाठीमागून दाब देते आणि बुश आपोआप पुढे सरकत येते. नव्या पोरांना हे पहिल्यांदा दाखवले की ते तोंड उघडे टाकून पाहतात. त्यांच्या पुस्तकातला पास्कलचा नियम तो हाच.

आता ते मागचे ऑइल सील. ते बसवण्यापूर्वी क्रँकवर जुन्या सीलच्या ओठाने चर पाडली आहे का, हे बोट फिरवून पाहावे. चर असेल आणि जागा असेल, तर नवे सील मिलिमीटर-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवले की त्याचा ओठ कोऱ्या जागी टेकतो. गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडाचे सीलही त्याच दिवशी बदलून टाका. नाही तर इंजिनाचे तेल थांबले आणि गिअरचे तेल प्लेटवर आले, असे व्हायचे. चेंबरचे पॅकिंग, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्याचे, ज्या गाडीत खाली अॅक्सल किंवा आडवा पत्रा मध्ये येतो तिथे इंजिन बाहेर असतानाच घालून घ्यावे.

दुसरी मोठी गोष्ट पाण्याची. खानदेशातला उन्हाळा मी तुम्हाला सांगायला नको. जळगाव जिल्ह्यात पारा ४५ अंशांकडे जातो, आणि त्यातच आपण रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी ओततो. घरातल्या पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो, तसाच थर ब्लॉकच्या आतल्या पाण्याच्या वाटांना बसतो. मागच्या सिलिंडरपाशी पाण्याचा वेग कमी, म्हणून गाळ तिथेच जास्त साचतो. ब्लॉक बोअरिंगवाल्याकडे जाणारच असेल, तर त्याच्या अंगावर टोपणासारख्या ज्या पत्र्याच्या गोल चकत्या असतात, ज्यांना गॅरेजात डमी म्हणतात, त्या सगळ्या काढून आतला गाळ धुऊन घ्यावा आणि चकत्या नव्या बसवाव्यात. यातली एखादी नेमकी गिअरबॉक्सच्या किंवा मागच्या पत्र्याच्या बाजूला असते. ती गंजून फुटली तर गाडी रस्त्यात पाणी सोडते आणि तिथे हात घालायला कुठूनच वाट नसते.

वॉटर बॉडी म्हणजे पाण्याचा पंप, मागच्या बाजूचे होज आणि त्यांच्या क्लिपा याही आत्ताच बदलाव्यात. इंजिनाला टायमिंगचा पट्टा असेल, आणि पंप त्याच पट्ट्यावर चालत असेल, तर पट्टा, टेन्शनर आणि पंप एकत्र. डिझेल इंजिनाचा पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि नुकतेच बांधलेले इंजिन पुन्हा उघडावे लागते.

इथे थर्मोस्टॅटविषयी दोन शब्द. आपल्याकडे उन्हाळा कडक म्हणून बरेच जण तो काढून फेकतात. ‘पाणी मोकळे फिरले की इंजिन थंड राहते’ ही समजूत. पण इंजिन योग्य उष्णतेला पोहोचलेच नाही तर डिझेल जास्त जाते, तेल नीट पातळ होत नाही आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर पाणी रेडिएटरला वळसा घालून आखूड वाटेनेच फिरत राहते आणि गाडी उलट जास्त तापते. तो पाण्याच्या भांड्यात टाकून तापवून पाहावा. साधारण ८२ अंशांना उघडू लागला तर बरा आहे. आकडा त्याच्या अंगावरच छापलेला असतो. बंदच राहिला तर नवा घ्यावा, पण जागा रिकामी ठेवू नये. आणि पुन्हा भरताना बोअरचे पाणी नको. शुद्ध पाणी आणि कूलंट, कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात.

आता त्या रिकाम्या जागेकडे वळू. मला या सगळ्या कामांत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच, आणि नेमके हेच कोणी करत नाही. सगळ्यांचे डोळे बाहेर काढलेल्या इंजिनाकडे लागलेले असतात.

प्रथम जागा धुवावी. वायरींचे जोड प्लास्टिकने बांधून, डिझेल आणि ब्रशने तेलमाती खरवडून काढावी. काळ्या मातीची धूळ आणि तेल यांचा लगदा एकदा वाळला की त्याच्याखाली काय चालले आहे ते वर्षानुवर्षे दिसत नाही. तो निघाला की ब्रेकचे पाइप दिसू लागतात. पेन्सिलीपेक्षाही बारीक असे हे लोखंडी पाइप इंजिनाच्या मागच्या पत्र्यावरून आणि चॅसीच्या कडेने जातात. जिथे क्लिपने धरलेले असतात, तिथे माती आणि ओल अडकून ते गंजतात. क्लिप काढून नखाने खरवडा. नुसता तांबूस रंग निघाला तर पुसून रंग लावा. पापुद्रे सुटले तर पाइप बदला, चर्चा नको. असे पाइप रोजचा साधा ब्रेक सोसतात. जिवाच्या आकांताने पाय दाबला जातो, तेव्हा फुटतात. अंगारकीला पद्मालयाच्या फेऱ्या करणाऱ्या जीपमध्ये किती माणसे बसतात ते आपण सगळे जाणतो. इंजिन जागेवर असताना हाच पाइप बदलायचा तर अर्धा दिवस आडवे पडून हात सोलून घ्यावे लागतात. आत्ता तेच काम तासा-दोन तासांचे आहे. ब्रेक ऑइलही त्याच वेळी नवे भरावे. ते हवेतली ओल पिते आणि मग तापल्यावर त्यात वाफ धरते.

चॅसीवर जिथे इंजिनाचे फाउंडेशन बसते आणि जीपमध्ये जिथे स्टिअरिंग बॉक्स आवळलेला असतो, त्या जागा तारेच्या ब्रशने उजळ करून पाहाव्यात. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. त्याची परीक्षा सोपी आहे. तिथे थोडे डिझेल लावा, कोरड्या फडक्याने चांगले पुसा, आणि खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेले डिझेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. रेघ दिसली तर चांगल्या वेल्डरला बोलवा, पण बॅटरी आणि इंजिनाचे कंट्रोलर सोडवून ठेवल्याशिवाय वेल्डिंगचा होल्डर गाडीला लावू देऊ नका. फाउंडेशनची रबरे तेलाने फुगली असतील किंवा लोखंडापासून सुटली असतील तर सगळी एकदम बदला. एकच नवे घातले की सारा भार त्याच्यावर येतो.

वायरिंगमध्ये उंदरांचे पराक्रम दिसतील. घरात कपाशी साठवलेली आणि अंगणात गाडी उभी, मग दुसरे काय होणार? तेल पिऊन कडक झालेल्या, सोललेल्या वायरी बदलून त्यांवर कापडी टेप गुंडाळावी. साधी टेप इंजिनाच्या उष्णतेत चिकट होऊन सुटते. इंजिनाला चॅसीशी जोडणारी तांब्याची जाळीदार पट्टी, म्हणजे अर्थ, पुष्कळदा कोपऱ्यात विसरली जाते. ती लावली नाही तर सेल्फ मारताना सगळा करंट अॅक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल जळते. मग लोक केबलला शिव्या देतात.

हे सारे कधी करायचे? ब्लॉक आणि क्रँक बोअरिंगसाठी जळगावला जातात आणि तिथे नंबर लागायला तीन-चार दिवस जातात, तेव्हा. आपल्याकडे त्या दिवसांत गाडी नुसती धूळ खात उभी असते. सामान आणायलाही पाच खेपा नकोत. सगळे उघडून, धुऊन, पाहून झाल्यावरच यादी करा आणि एकाच खेपेत आणा. ब्लॉक पाठवण्याआधी त्यावर कोरलेला इंजिन नंबर आपल्या आरसी बुकाशी ताडून कागदावर लिहून ठेवा, फोटोही काढा. ब्लॉकच बदलायची वेळ आली तर तशी नोंद आरटीओकडे करून घ्यावी लागते. ती राहिली तर पासिंगच्या दिवशी आणि विम्याच्या दाव्याच्या वेळी गाठ पडते.

आता हात आखडायच्या जागा. सेल्फ आणि अल्टरनेटर बहुतेक गाड्यांत नंतरही वरून किंवा खालून सहज निघतात; चालत असतील तर पुसून बाजूला ठेवा. डिझेलचा पंप आणि नोझल, काळा धूर किंवा मिसिंगची तक्रार नव्हती तर पंपवाल्याकडे धाडू नका. एसी असेल तर गॅस सोडायची बहुधा गरज नसते. कॉम्प्रेसर पाइपांसकट सोडवून तारेने बाजूला बांधून ठेवता येतो. बॉनेटचा रंग, नवे हॉर्न, क्रोमचे नट ही हौस आहे. हौसेला मोल नसते हे खरे, पण ती इंजिनाच्या बिलात घालू नये. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे होते. आणि बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्या. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही. तो स्वतःच पोत्यात भरून ठेवतो.

२०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांत सेन्सर आणि वायरींची गर्दी फार. तिथे सोडवण्यापूर्वी प्रत्येक जोडाचा मोबाइलवर फोटो घ्यावा आणि जोडावर चिठ्ठी चिकटवावी. बाकी आपला तो प्रश्न तिथेही तसाच लागू पडतो.

इंजिन चढवताना दोन पथ्ये. क्लचप्लेट मधोमध आणायला डमी शाफ्ट वापरा, आणि गिअरबॉक्स जोडताना त्याचा भार प्लेटवर लटकू देऊ नका. मधला भाग वाकतो. आणि दीड-दोनशे किलोचे धूड चेनवर असताना त्याच्याखाली कोणी हात, पाय किंवा डोके नेऊ नये. गॅरेजात शिकायला येणारी पोरे चपळ असतात आणि ‘फक्त एक बोल्ट’ म्हणून आत शिरतात. त्यांना ओरडायला मालकानेही कमी करू नये.

गाडी घरी आली की पहिले आठ दिवस रात्री तिच्याखाली एक मोठा कोरा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी काढून पाहा. पुढच्या बाजूला रंगीत पाणी दिसले तर होजची क्लिप आवळा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली काळा थेंब दिसला तर गाडी पुढे दामटू नका, तोच पुठ्ठा घेऊन मिस्त्रीकडे जा. पाचशे किलोमीटर झाल्यावर फाउंडेशनचे बोल्ट आणि सगळ्या क्लिपा एकदा पुन्हा आवळून घ्या, आणि त्या दिवसाचा किलोमीटरचा आकडा, काय काय बदलले त्याच्या यादीसह, वहीत लिहून डिकीत ठेवून द्या.